पिशवी काढली, पण तळाचं काय?

'अंग बाहेर येतंय' असं बाईनं सांगितलं की घरातून ठरलेला सल्ला मिळतो: पिशवी काढून टाक. जणू गर्भाशय स्वतःच्याच वजनानं ओघळलंय! गरोदर नसताना त्याचं वजन भरतं जेमतेम ५० ते ८० ग्रॅम. शिवाय दर वेळी तेच उतरतं असंही नाही. कधी योनीच्या पुढच्या भिंतीमागून मूत्राशय फुगून येतं, कधी मागून गुदाशय.

खरी गंमत तळाशी आहे. ओटीपोटाच्या तळाचा स्नायू पुढच्या हाडापासून निघून गुदाशयाला मागून वळसा घालतो आणि झोपेतसुद्धा थोडा आवळलेला राहतो. त्यामुळे योनीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटून असतात. खोकलो की पोटातला दाब वाढतो, पण दोन्हीकडून सारखाच, म्हणून भिंती जागच्या हलत नाहीत. बाळंतपणात हा स्नायू प्रचंड ताणला जातो, कधी हाडापासून सुटतोही. मग फट उघडी राहते. आता भिंतीच्या आतल्या बाजूला पोटाचा दाब, बाहेर फक्त हवेचा. या फरकानं भिंत बाहेर ढकलली जाते आणि सगळा ताण वरून धरणाऱ्या अस्थिबंधांवर, म्हणजे चिवट पट्ट्यांवर येतो. स्नायू थकला तर विश्रांतीनं सावरतो. सतत ताणलेला अस्थिबंध मात्र हळूहळू लांबत जातो. जुना खोकला, बद्धकोष्ठ, रजोनिवृत्ती यांची त्यात भर. संध्याकाळी जडपणा वाढतो आणि आडवं झालं की बरं वाटतं, ते यामुळेच.

सुटलेला स्नायू कुठलंही 'घट्ट करणारं' तेल पुन्हा चिकटवत नाही.

त्रास नसेल तर काही न करणंही चालतं. सौम्य त्रासात आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेले व्यायाम उपयोगी पडतात: वायू रोखताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, श्वास न कोंडता. पेसरी, म्हणजे योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग, अनेकींना वर्षानुवर्षं पुरते. शस्त्रक्रियेत गर्भाशय राखताही येतं. शिरोडकर आणि पुरंदरे या भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञांच्या स्लिंग पद्धती, म्हणजे पट्टीनं गर्भाशय वर टांगून धरण्याच्या पद्धती, त्यासाठीच आहेत. आधारासाठी योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळीची या आजारासाठीची विक्री मात्र अमेरिकेत २०१९ साली थांबवली गेली.

आणि पिशवी काढली तरी योनीचं वरचं टोक नंतर खाली येऊ शकतं. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला एवढं विचाराच: ते टोक कोणत्या आधाराला बांधणार?