‘दोन्ही शुगरच्याच ना, ताई?’

कोथरूडला आमचं औषधांचं दुकान आहे. परवा संध्याकाळच्या गर्दीत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या एका मुलीने पर्समधून दोन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. एक तिची, मेटफॉर्मिन ५००. दुसरी मोठ्या जावेची, सेमाग्लुटाइड.

“जाऊबाईंना शुगर आहे. या गोळीने त्यांचं वजनही उतरलं. मला पीसीओडीसाठी ही दिलीय, पण काटा काही हलत नाही. दोन्ही शुगरच्याच ना, ताई? मग माझीऐवजी त्यांची घेतली तर?”

मी आधी विचारलं, “बाळासाठी प्रयत्न चाललेत का?” ती हो म्हणाली. मग मी गल्ल्यावर मुलाला बसवलं आणि तिला बाजूला घेतलं.

मेटफॉर्मिन जुनं औषध. पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेहासाठी पुढे आणलं. यकृत रक्तात जी साखर सोडतं ती ते कमी करतं आणि अंगातलं इन्सुलिन नीट कामाला लावतं. शुगर नसलेल्या मुलीला ते का देतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पीसीओडी हा बीजांडकोशाचा विकार. त्यात बऱ्याच जणींच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं. त्याच्या रेट्याने बीजांडकोश पुरुषी हार्मोन जास्त बनवतो. मग स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. मेटफॉर्मिन मुळातल्या इन्सुलिनवर काम करतं. वजन त्याने फार तर दोन-तीन किलो उतरतं, तेही सगळ्यांचं नाही. म्हणून काट्याकडे बघून गोळी फुकट गेली असं ठरवू नये. पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात.

सेमाग्लुटाइडची चालच वेगळी. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, त्याच्यासारखं ते वागतं. जठर सावकाश रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो, भूकच मंदावते. वजनासाठीच्या मोठ्या चाचणीत आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन ६८ आठवडे घेऊन सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. हा आकडा त्या इंजेक्शनचा आहे, जावेच्या मधुमेहाच्या गोळीचा नव्हे. शिवाय औषध थांबलं की बरंचसं वजन परत येतं. घ्यायची रीतही उलटी: मेटफॉर्मिन जेवणासोबत, नाहीतर मळमळ आणि जुलाब. सेमाग्लुटाइडची गोळी उठल्यावर उपाशीपोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही.

पण या मुलीसाठी खरा फरक पुढेच होता. दिवस राहावेत असं वाटत असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. ते शरीरातून हळूहळू जातं, निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भाला इजा दिसली आहे. मेटफॉर्मिन गरोदरपणातल्या मधुमेहातही वापरतात. तेही वारेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतात.

यात एक धोका मला फार छळतो. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी थांबलेलं स्त्रीबीज पुन्हा सुटू लागू शकतं. पाळीच धड येत नाही, मला कुठले दिवस राहतात, असं धरून चाललेल्या बाईला औषध चालू असतानाच दिवस जातात. टिर्झेपाटाइड या भावंडाचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं: सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर चार आठवडे नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये.

मेटफॉर्मिनचीही एक बाजू आहे, आणि ती पुण्यात तरी विसरू नये. वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आपल्याकडे शाकाहारामुळे ते आधीच कमी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचंच जीवनसत्त्व) भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिन असूनही ते नीट काम न करणं, सर्वांत जास्त दिसला. फॉलिक अ‍ॅसिड सोडायचं नाही, ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी लागतंच. पण सोबत बी-१२ची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी.

मी तिच्या पट्टीवर पेनाने ‘जेवणासोबत’ लिहिलं. ती जावेची पट्टी पर्समध्ये ठेवता ठेवता थबकली.

“ताई, पण जाऊबाईसुद्धा दुसऱ्या बाळाचं बघतायत.”

“मग त्यांना म्हणावं, डॉक्टरांना उद्याच भेटा. आपल्या मनाने बंद करू नका, शुगर चढेल. पण भेटा.”

तिने पायरीवर उभं राहूनच फोन लावला.