लेन्स आणि लाइटच्या चाचण्या आल्या कुठून?

लेन्स घ्यायची म्हटलं की रेझोल्यूशन चार्ट (बारीक रेघांचे तक्ते) आणि एमटीएफचे, म्हणजे लेन्स कॉन्ट्रास्ट आणि तपशील किती राखते त्याचे, आलेख समोर येतात, लाइट घ्यायचा म्हटलं की खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. यातली बहुतेक मोजमापं एकाच डोकेदुखीतून निघाली आहेत: डोळा पाहतो एक, प्लेट, फिल्म किंवा सेन्सर टिपतो दुसरंच.

१८३९ मध्ये डागेरोटाइप, म्हणजे धातूच्या प्लेटवर फोटो टिपण्याची पद्धत, जाहीर झाला तेव्हाच्या लेन्स इतक्या मंद होत्या, म्हणजे इतका कमी प्रकाश आत घेत, की भर उन्हातही एक्स्पोजरला मिनिटं लागत. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातले गणिती योझेफ पेट्झवाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी लेन्सचा आराखडा केला. आकडेमोडीसाठी त्यांना चक्क ऑस्ट्रियन तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक मिळाले होते. अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ/३.६ च्या आसपास (आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), म्हणजे आधीच्या लेन्सपेक्षा पंधरा-वीस पट प्रकाश. मध्यभागी ती कमालीची स्पष्ट होती, कडांना मात्र ढिली. चेहऱ्याला ते चालून जाई, इमारतीला नाही.

पण खरा घोळ फोकसचा होता. त्या काळच्या प्लेटना निळा-जांभळा प्रकाशच काय तो कळे, आणि फोटोग्राफर फोकस जुळवणार डोळ्याने, ज्याला पिवळा-हिरवा जास्त उजळ दिसतो. दोन्ही रंगांचे किरण एकाच जागी जुळले नाहीत, तर कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर नाक-डोळे रेखीव दिसत आणि प्लेट पुसट निघे. लंडनमध्ये स्टुडिओ चालवणारे आंत्वान क्लोदे यांनी यावर ‘फोसिमीटर’ काढला: क्रमांक घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे वेगवेगळ्या अंतरांवर लावायचे, एकावर फोकस करायचा आणि प्लेटवर कोणता क्रमांक रेखीव आला ते बघायचं. ऑटोफोकस पुढे पडतो की मागे, हे तिरक्या पट्टीवर तपासण्याची आजची पद्धत याच जातीची.

लाइटची कथा आधी धाडसाची आहे, मोजमापाची नंतर. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच फोटोग्राफर नादार यांनी बॅटरीवरचे आर्क दिवे (विजेच्या ठिणगीने प्रकाश देणारे) घेऊन पॅरिसच्या भुयारांत फोटो काढले. एक्स्पोजर इतकं लांबे की माणसांच्या जागी पुतळे उभे करावे लागले. मग मॅग्नेशियमची फीत आली, १८८७ मध्ये जर्मनीत फ्लॅश पावडर आली. मोजण्याची शिस्त आली ती १८९० मध्ये, हर्टर आणि ड्रिफील्ड या इंग्लंडमधल्या दोन औद्योगिक रसायनतज्ज्ञांमुळे. प्लेटवर किती प्रकाश पडला की ती किती काळी होते, याचा आलेख त्यांनी मांडला, आणि एक्स्पोजर अंदाजाच्या हातून सुटलं.

मला सगळ्यात शहाणी वाटते ती १९२८ मध्ये हॉलिवूडमध्ये झालेली चाचणी. बोलपट येऊ घातले होते आणि आर्क दिव्यांची घरघर ध्वनिमुद्रणात शिरत होती. टंगस्टनचे दिवे गप्प होते, पण त्यांचा प्रकाश लालसर. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल जवळजवळ दिसतच नसे. नव्या पँक्रोमॅटिक फिल्मला दिसे. तेव्हा वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत ‘माझ्दा टेस्ट्स’ झाल्या; माझ्दा हे टंगस्टन दिव्यांचं नाव. तिथे दिवा सुटा तपासला नाही. दिवा, फिल्म आणि मेकअप यांची जोडणी पडद्यावर कशी दिसते ते पाहिलं.

लेन्सच्या बाजूला १९३५ मध्ये त्साइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप शोधला. लेप नसलेल्या काचेच्या दर पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. असे आठ पृष्ठभाग असले की पाव हिस्सा गेलाच, शिवाय आत भटकणारा प्रकाश कॉन्ट्रास्ट खातो तो वेगळा. आणि नेमका कॉन्ट्रास्टच रेघांच्या चार्टला नीट पकडता येत नाही. अमेरिकन हवाई दलाचा १९५१ चा तीन पट्ट्यांचा चार्ट आजही सर्रास वापरतात, पण रेघा कुठे मिसळल्या एवढंच तो सांगतो. मिसळण्याआधी त्या किती फिक्या पडल्या ते नाही. टेलिव्हिजनसाठी काम करणारे, आरसीए या अमेरिकन कंपनीतले ओटो शाडे साधारण त्याच सुमारास लेन्सपासून पडद्यापर्यंतच्या अख्ख्या साखळीची प्रतिमा मोजायची रीत बसवत होते. एमटीएफच्या प्रसारात त्या कामाचा वाटा मोठा. आलेखातली १० रेघा प्रति मिलिमीटरची वक्ररेषा कॉन्ट्रास्टची कल्पना देते, ३० ची बारीक तपशिलाची. मात्र काही कंपन्यांचे आलेख प्रत्यक्ष लेन्सवर मोजलेले नसतात, आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात. हातात आलेल्या लेन्सचं एखादं भिंग तिरकं बसलं असेल, तर तो आलेख काय सांगणार?

सीआरआयची गत याहून वाईट. तो १९६० च्या दशकात ठरला, मुख्यतः माणसाच्या डोळ्यासाठी. त्याची सरासरी आठ फिक्या रंगांची. गडद लाल, म्हणजे आर९, त्यात धरतच नाहीत. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलणारा लेप. त्यामुळे निळ्यात टोक, आकाशी छटेत खळगा आणि बऱ्याचदा लालात तूट. आकडा नव्वदीपार असूनही कॅमेऱ्यात त्वचा निस्तेज दिसू शकते, ती यामुळे. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीने पुढे आणलेला एसएसआय हा आकडा म्हणूनच डोळ्याला विचारतच नाही. दिव्याचा वर्णपट थेट संदर्भ-दिव्याच्या वर्णपटाशी ताडून पाहतो. तरीही दोन कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरचे रंग-फिल्टर सारखे नसतात. एकाच एलईडीखाली दोन्हींत त्वचा वेगळी येते, तेव्हा लाइट निवडताना ज्या कॅमेऱ्यावर काम करायचं त्याच्यावरच तो लावून बघावा लागतो.