बोगमाळोचं सी हॉक आणि त्याच्यामागची हिस्टरी

गोव्यात दाबोळीहून बोगमाळो बीचकडे जाताना नेव्हीचं एव्हिएशन म्युझियम लागतं, 1998 मध्ये सुरू झालेलं. तिथे उघड्यावर एक छोटं जेट आहे, सी हॉक. बरेच जण बाजूच्या अवाढव्य सुपर कॉन्स्टलेशन विमानासोबत फोटो काढून निघतात, याच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

पण आपल्या नेव्हीचं हे पहिलं कॅरिअरवरचं, म्हणजे विमानवाहू जहाजावरचं, फायटर जेट. त्यासाठी 1960 मध्ये ब्रिटनमध्येच 300 नंबरची स्क्वाड्रन उभी केली, आणि 18 मे 1961 ला लेफ्टनंट ताहिलियानींनी विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजावर पहिलं सी हॉक उतरवलं (हेच पुढे नौदलप्रमुख झाले). दाबोळी तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं बरं का, नेव्हीच्या ताब्यात आलं ते गोवा मुक्त झाल्यावर. नंतर पश्चिम जर्मनीच्या नेव्हीने वापरलेली सी हॉक पण आपण घेतली. आणि मग 1971 चं युद्ध. विक्रांतच्या एका बॉयलरचं दुखणं होतं, तरी 4 डिसेंबरला याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. डिसेंबर 1983 मध्ये दाबोळीला सी हॅरिअर या नव्या जेटपैकी पहिलं उतरलं आणि यांची सद्दी संपली.

ज्या डेकवर ही उतरायची ती जुनी विक्रांत 2014 मध्ये भंगारात तोडायला घेतली, म्हणून उरलेल्या विमानांची किंमत आता जास्त वाटते.

आता अशा जुन्या विमानाचं रिस्टोरेशन म्हणजे नवा रंग मारणं असं आपल्याकडे समजतात, पण ते सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी इजेक्शन सीटमधली (पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली) स्फोटकं काढली आहेत का ते बघायचं, इंधन आणि हायड्रॉलिक तेल पूर्ण काढायचं. सी हॉकमध्ये त्याच्या नीन नावाच्या जेट इंजिनाचा धूर शेपटीतून जात नाही, पाइप दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो, त्यामुळे तिथली दोन तोंडं नीट बंद केली नाहीत तर पाणी आत आणि पक्ष्यांची घरटीपण आत. बाहेरून चकाचक असलं तरी खारी हवा आणि गोव्याचा पाऊस अ‍ॅल्युमिनियमला जोडांमधून खातात, जिथे स्टीलचा बोल्ट आहे तिथे तर आधी, वाळवी लागलेल्या दारासारखं वरून सगळं ठीक दिसतं.

रंग घासताना खालचे जुने थर, नंबर, खुणा दिसू शकतात, त्यांचे फोटो घेतल्याशिवाय पुढे घासूच नये, कारण कुठल्या वर्षाचं विमान दाखवायचं हे त्यावरूनच ठरवता येतं. माझं मत, जे विमान 1971 ला विक्रांतवर नव्हतंच त्याला युद्धातल्या विमानाचा नंबर देऊ नये, कितीही मोह झाला तरी. ब्रिटनमध्ये रॉयल नेव्ही हिस्टॉरिक फ्लाइटने (जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या पथकाने) एक सी हॉक पुन्हा उडवलं होतं, आपल्याला तेवढं नको, पावसाळ्यात डोक्यावर पक्की शेड मिळाली तरी खूप झालं.