टिकन का जी सर?

बारावीचा शेवटचा पेपर झाला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकाशी गर्दी रेंगाळते. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुली मानव विकासच्या निळ्या बसने आपापल्या खेड्यांकडे जातात, मुलं सायकलीने नाहीतर काळीपिवळीने. दोन वर्षं एका वर्गात बसलेले दोघं घरी जाताना एका गाडीतही नसतात. अशाच एका दिवशी एक विद्यार्थी मागे थांबला. वर्गातल्याच एका मुलीवर त्याचा जीव जडला होता. ती नर्सिंगसाठी नागपूरला जाणार होती, तो वडिलांसोबत शेती पाहणार होता. बराच वेळ चपलेने माती उकरून त्याने विचारलं, "टिकन का जी सर?"

मी जीवशास्त्र शिकवतो, आणि मी त्याला म्हणालो, आधी निकालाचं बघ. ते उत्तर मला अजून सलतं. त्याचा प्रश्न खरा होता आणि विज्ञानाने त्यावर बरंच काम केलेलं आहे.

अमेरिकेत हेलन फिशर, आर्थर अ‍ॅरन आणि ल्युसी ब्राउन यांच्या गटाने नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूचं एफएमआरआय चित्रण केलं, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते यंत्राने टिपलं. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आवडत्या माणसाचा फोटो दिसताच मेंदूच्या तळाकडचा, डोपामाइन हे रसायन बनवणारा एक छोटा भाग जागा होत होता. हवीहवीशी गोष्ट मिळवायला धावायला लावणारी ही यंत्रणा आहे. त्याआधी १९९९ मध्ये इटलीतल्या पिसा इथे दोनातेल्ला माराझ्झिती यांना आढळलं होतं, की नव्याने प्रेमात पडलेल्यांच्या रक्तातलं सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण एकच विचार पुन्हा पुन्हा छळणाऱ्या मंत्रचळाच्या रुग्णांइतकंच घटलेलं असतं. "दुसरं काही सुचतच नाही" असं पोरं म्हणतात, ते खोटं नसतं. पण त्यांतल्याच काहींची वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासणी केली तेव्हा ते प्रमाण पूर्ववत झालेलं होतं.

म्हणजे ती ओढ ओसरते. ओसरली म्हणून प्रेम खोटं ठरत नाही. अ‍ॅरन-फिशर यांच्याच गटातल्या बियांका असेवेदो यांनी पुढे सरासरी २१ वर्षं संसार केलेल्या, आणि अजूनही जोडीदारावर तितकंच प्रेम आहे म्हणणाऱ्या १७ जणांना त्याच यंत्रात झोपवलं. तोच भाग पुन्हा उजळला. अशीच माणसं मुद्दाम निवडली होती, त्यामुळे सगळ्यांचं असंच होतं असं त्यातून निघत नाही. होऊ शकतं, एवढं मात्र नक्की.

मग मधल्या वर्षांत काय घडतं? कपाळामागचा, विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. सतराव्या वर्षी ज्याच्यावर जीव जडला, ते माणूस पंचविशीत तेच नसतं. आपणही नसतो. म्हणून एकदा झालेली ओळख पुरत नाही, ती सतत करून घ्यावी लागते. माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे, कारण आमच्याकडे ओळखीलाच जागा नाही.

लॉरा स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेगवेगळ्या गावी राहून प्रेम टिकवलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जी जोडपी पुढे एका गावात राहायला आली, त्यांतली साधारण एक तृतीयांश तीन महिन्यांत वेगळी झाली. दूर असताना मनात रंगवलेलं माणूस आणि समोरचं माणूस यांचा मेळ बसणं सोपं नसतं. हे वाचताना मला आमचे पहिले बाक आणि शेवटचे बाक आठवले. आमची मुलं एकाच खोलीत बसून दूर असतात. नजर, वहीत दडवलेली चिठ्ठी, घरच्यांच्या मोबाइलवरून चोरून केलेली दोन मिनिटं. तिला अंधाराची भीती वाटते का, त्याला शेतीच करायची आहे का, हे विचारायला वेळ कुठे असतो?

विरोधाने प्रेम घट्ट होतं असंही आपण मानतो. १९७२ मध्ये कोलोरॅडोत ड्रिस्कॉल यांनी तसं मांडलंही होतं. पण कॉलिन सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ते पुन्हा तपासलं, तेव्हा तसं काही दिसलं नाही. उलट घरच्यांची, मित्रांची साथ असलेली नाती अधिक भक्कम होती. म्हणून मला मुलांना कळवळून सांगावंसं वाटतं, की पळून जाऊ नका. १८ वर्षांखालच्यांची संमती २०१२ चा पॉक्सो कायदा धरतच नाही, आणि लग्नासाठी मुलाला २१ पूर्ण लागतात. एखादी मोठी बहीण, मावशी, समजून घेणारा काका, असं एक तरी माणूस विश्वासात घ्या. आणि पालकांनो, पोरगी काही सांगायला आली तर आधी ऐकून घ्या.

जॉन गॉटमन यांनी नवविवाहितांचं बोलणं टिपून ठेवलं आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. एकाने घातलेल्या बारीकशा हाकेला दुसरा ओ देतो का, हे ते मोजत होते. एकत्र राहिलेल्यांनी शंभरातल्या ८६ हाकांना ओ दिली होती, वेगळे झालेल्यांनी ३३. शेली गेबल यांचे प्रयोग सांगतात, की दुःखात धीर देणं जितकं लागतं, तितकंच दुसऱ्याच्या आनंदात मनापासून रस घेणंही लागतं. समजा त्याने तिला लिहिलं, "आज पऱ्हाटीला पहिलं बोंड फुटलं." यावर "छान" असं उत्तर येऊ शकतं. किंवा, "कोण्या धुऱ्याकडची? नाल्याकडची का?" हे विचारायला ते वावर माहीत असावं लागतं.

तो मुलगा भेटला, तर या वेळी मी त्याच्या प्रश्नाला बगल देणार नाही. आधी त्यालाच विचारीन, ती वसतिगृहात कोणासोबत राहते, पहिल्या रात्रपाळीला घाबरली होती का, आणि नागपूरचं तिला काय आवडायला लागलं आहे.