गाड्यामागची बादली आणि मुदतीचा ताप

2018 च्या जूनपासून महाराष्ट्रातला बर्फ निळा होणार, असं जाहीर झालं. सगळा नव्हे, जो खाण्यासाठी बनवलेला नाही तेवढाच. बंदरावर मासळी झाकायला, शवागारात, कारखान्यात लागणारा बर्फ कसल्याही पाण्याचा चालतो, म्हणून तो स्वस्त पडतो. आणि नेमका तोच रसवंतीत, सरबताच्या आणि गोळ्याच्या गाडीवर फुटत होता. त्यात खाद्यरंगाचा अंश टाकला की गिऱ्हाइकाला लांबून कळेल, असा अन्न व औषध प्रशासनाचा हिशेब. हिशेब बरोबरच होता. फक्त वर काला खट्टा ओतल्यावर खालचा बर्फ कुठल्या रंगाचा होता, हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

बर्फाच्या, चटणीच्या किंवा पाणीपुरीच्या पाण्याच्या तपासणीत जे नाव पुन्हा पुन्हा येतं ते ई. कोलायचं. 1885 साली थिओडोर एशेरिश यांनी म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांची शी तपासताना हा जंतू शोधला. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी. ते आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात मुक्कामाला असतात. तरी प्रयोगशाळा त्याच्याच मागावर असते, कारण तो चटणीत सापडला तर कुणाच्या तरी विष्ठेचा अंश, माणसाच्या नाहीतर जनावराच्या, चटणीपर्यंत पोहोचला आहे. आणि ज्या वाटेने तो आला, त्याच वाटेने टायफॉइड, हगवण आणि कॉलराही येतात.

आता तपासणी तिथेच थांबत नाही. सापडलेले जंतू काचेच्या बशीत पसरतात आणि वर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवतात. प्रत्येक टिकलीत एकेक प्रतिजैविक भिनवलेलं. रात्रभरात औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. नाही चाललं तर जंतू थेट टिकलीच्या कडेपर्यंत वाढतात. रस्त्यावरच्या खाण्याच्या अशा तपासण्या आता अनेक शहरांतल्या महाविद्यालयांत होतात, आणि रिंगण न पडलेल्या टिकल्या हीच त्यातली खरी बातमी असते. एक गैरसमज मात्र आधीच काढायला हवा. औषधाला दाद न देणारा जंतू उकळत्या तेलात इतरांसारखाच मरतो. त्याचा हट्ट फक्त औषधापुढे चालतो.

हा हट्ट आला कुठून, ते टायफॉइडच्या गोष्टीत सर्वांत स्वच्छ दिसतं.

आजीच्या पिढीत टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणत. मुदत भरल्याशिवाय उतरत नाही तो ताप, आणि मुदत साधारण एकवीस दिवसांची. उपचार म्हणजे भाताची पेज, कपाळावर ओल्या पट्ट्या आणि वाट पाहणं. तिसरा आठवडा सर्वांत धोक्याचा, कारण आतड्याला भोक पडायचं ते तेव्हाच.

ही मुदत मोडली ती क्वालालंपूरमध्ये, आणि तीही जवळजवळ चुकून. 1948 साली अमेरिकी डॉक्टरांचा एक गट तिथे क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध स्क्रब टायफसवर, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या वेगळ्याच तापावर, वापरून पाहत होता. स्क्रब टायफस समजून ज्यांना ते दिलं, त्यातले काही टायफॉइडचे निघाले. त्यांचा ताप काही दिवसांत उतरला. पुढची वीस-बावीस वर्षं जगभर टायफॉइड म्हटलं की क्लोरॅम्फेनिकॉल, एवढं साधं समीकरण होतं.

पण त्याच काळात जपानमधले डॉक्टर एका विचित्र गोष्टीने चक्रावले होते. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून तिथे हगवणीचे असे जंतू सापडू लागले, जे एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देत नव्हते. एकेका औषधाला सरावत गेलेला जंतू समजू शकतो; चार औषधांना एकदम? आणखी कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे त्याच रुग्णाच्या पोटातला साधा ई. कोलायही नेमक्या त्याच चार औषधांना पुरून उरत होता. 1959 च्या सुमारास जपानी संशोधकांनी उत्तर दाखवून दिलं: एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला हा गुण हातोहात देऊ शकतो. ज्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर ही देवाणघेवाण चालते, त्याला आज आपण प्लाझ्मिड म्हणतो. वारसा फक्त बापाकडून लेकाकडे जातो, असं मानणाऱ्या वैद्यकाला जंतूंच्या दुनियेत तो शेजाऱ्याकडूनही उसना मिळतो, हे तेव्हा कळलं. चटणीतल्या निरुपद्रवी ई. कोलायची काळजी करायची ती म्हणूनच. तो स्वतः आजारी पाडणार नाही कदाचित, पण त्याच्या खिशात काय आहे ते महत्त्वाचं.

पुढचा इतिहास एकामागून एक औषध हातचं जाण्याचा आहे. 1972 साली मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉइडची दहा हजारांवर माणसांना लागण झाली. त्याच वर्षी केरळात कोझिकोडलाही तसाच टायफॉइड सापडला. 1990 च्या आसपास मुंबईसह देशातल्या बऱ्याच शहरांत क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल ही तिन्ही औषधं एकदम निकामी ठरू लागली. तोवर सिप्रोफ्लॉक्सासिन आलं होतं म्हणून निभावलं, पण तेही फार काळ टिकलं नाही. मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मग अ‍ॅझिथ्रोमायसिन. 2016 च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबादेत असा टायफॉइड उद्भवला की त्याच्यापुढे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसकट पाच प्रकारची औषधं हरली. तोंडाने घेण्यासारखं फक्त अ‍ॅझिथ्रोमायसिन उरलं. त्या जंतूची जनुकं वाचली तेव्हा त्याने नवा गुण ज्या प्लाझ्मिडवरून मिळवला होता, ते ई. कोलायमध्ये सापडणाऱ्या प्लाझ्मिडशी जुळलं. जपानचा धडा, साठ वर्षांनी.

गाडा या गोष्टीत येतो कुठे? संध्याकाळी पाणीपुरीच्या गाड्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. पुढे लाल फडकं गुंडाळलेलं मडकं, त्यात कोपरापर्यंत जाणारा हात. मागे, गिऱ्हाइकाच्या नजरेआड, एक बादली. बशा त्यात बुचकळायच्या, फडक्याने पुसायच्या, पुन्हा पुढे. तीच बादली, तेच पाणी, दुकान बंद होईपर्यंत. शेजारचा वडापाववाला त्या मानाने सुरक्षित, कारण कढईतून निघालेल्या वड्यात जंतू उरत नाही. त्याच्या पावात सारलेल्या हिरव्या चटणीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. चिंचेच्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते, पण तेवढ्यावर विसंबू नये. कच्ची कोथिंबीर, पुदिना, चिरून ठेवलेला कांदा ही सगळी न शिजणारी मंडळी आहेत. मुंबईत लोकलच्या खिडकीतून रुळांलगत पालेभाजीचे वाफे दिसतात, त्यांना बाजूच्या नाल्याचं पाणी घालतात, हे प्रवास करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

गाडीवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याला नळ कुणी दिला? 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या फेरीवाल्यांसाठी क्षेत्रं आखायला सांगितलं, आणि फेरीवाल्यांचा कायदा व्हायला 2014 उजाडलं. मधली तीस वर्षं गाडी कधी उचलली जाईल याचा नेम नव्हता, आणि पुढेही तो फारसा आला नाही. अशा माणसाकडे पाण्याची जोडणी असेल कुठून? तो पाणी कॅनमधून, ओळखीच्या दुकानातून, सार्वजनिक नळावरून आणतो. नळाचं पाणीही दिवसातले काही तासच येतं. उरलेल्या वेळात पाइपातला दाब पडतो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा, त्याच्या जागी आलेला अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. दोन्हींत नमुना घ्यायची सोय आहे, नळ द्यायची नाही.

1954 सालीच पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पेनिसिलिन देशातच बनू लागणं ही तेव्हा खरोखर मोठी गोष्ट होती, आणि आजही तिला कमी लेखू नये. पण औषध जसं स्वस्त झालं तसं ते चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. भेळ खाऊन पोट बिघडलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन 'जुलाबाची गोळी द्या' म्हणायचं. मिळायची ती बहुधा नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकत्र असलेली. दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या ड्रॉवरमध्ये. खरं तर बहुतेक जुलाबांना प्रतिजैविक लागतच नाही. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्यावर कॉलराचे रुग्ण जगवून दाखवले होते. पण साखर-मिठाच्या पाण्याला 'औषध' म्हणायला आपलं मन तयार होत नाही. काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवावी, हा एच-1 परिशिष्टाचा नियम मार्च 2014 पासून लागू झाला.

कोंबड्यांचा भाग वेगळ्या लेखाचा आहे. एवढंच सांगतो: प्रतिजैविक खाद्यात मिसळलं की कोंबडी लवकर वाढते, हे अमेरिकेत 1950 च्या सुमारास कळलं, आणि माणसासाठी शेवटचा उपाय मानलं जाणारं कोलिस्टिन जनावरांना देण्यावर भारताने 2019 मध्ये बंदी घातली.

दरम्यान शेवटच्या फळीतल्या प्रतिजैविकांनाही निकामी करणारं एक जनुक दिल्लीच्या नावाने जगभर पोहोचलं. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात 2008 मध्ये सापडलेल्या एनडीएम-1 मधलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. नावावरून इथे बराच संताप झाला. पण 2011 मध्ये छापून आलेल्या पाहणीत दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत ते जनुक निघालं. नळाचे दोन नमुने थोडे वाटतील. पण गाड्यामागची बादली भरते ती याच नळावर.

पुण्यात जानेवारी 2025 मध्ये जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा सिंहगड रस्त्यावर आधी संशय गेला तो चिकनवर, पनीरवर, गाड्यांवर. तपासण्यांत ज्याच्या संसर्गानंतर कधीकधी हा आजार होतो तो कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला आणि चर्चा वळली नांदेड गावच्या विहिरीकडे, टँकरकडे, खासगी आरओ केंद्रांकडे. हा भाग 2021 मध्येच महापालिकेत आलेला. घरं आधी आली, शुद्ध पाण्याची व्यवस्था मागून.

टायफॉइडच्या बाबतीत एक पाऊल महाराष्ट्रात पडलं, त्याची चर्चा फार झाली नाही. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्मित लस (जंतूच्या आवरणाचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) टोचायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेतून ही लस देण्याची ती जगातली पहिलीच मोहीम. पहिल्याच फेरीत एक लाखाहून जास्त मुलं झाली.

बाकी ठिकाणी ताप आला की रक्त जातं विडाल चाचणीला. ही चाचणी 1896 ची, पॅरिसच्या फर्नांद विडाल यांची. टायफॉइड जुना की नवा याचा ती नीट पत्ता देत नाही, आणि कुठलं औषध चालेल हे तर तिला विचारताच येत नाही. त्यासाठी रक्ताचं कल्चर करावं लागतं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहावे लागतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा वेळ थांबायला ना डॉक्टर तयार असतो ना पेशंट, म्हणून पहिल्या दिवशी जे प्रतिजैविक लिहिलं जातं, ते अंदाजाने.