पुळणीवरच्या वह्या आणि निबंधाचा आराखडा

भाची एम.एस्सी.ला आहे. दोन हंगाम तिने दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या नोंदी घेतल्या. तीन वह्या भरल्या. शोधनिबंध लिहायला बसली आणि आठवडा झाला तरी पहिला परिच्छेद पुढे सरकेना.

यात आळस नव्हता. काम करताना मेंदू एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतो, असं नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली मांडलं. तिथे तीन वह्या कुठून मावणार? शिवाय वही तारखेप्रमाणे भरत जाते आणि निबंध प्रश्नाच्या मागे जातो.

मग पडवीत बसून आम्ही नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवल्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, कोपऱ्यात वहीचं पान. ‘घरटं ७. मूळ जागा सुरूच्या झाडाच्या सावलीत. दुपारी वाळू हॅचरीतल्यापेक्षा गार. वही २, पान ३१.’ (हॅचरी म्हणजे घरट्यातली अंडी हलवून सुरक्षित पुरून ठेवतात ती कुंपणातली जागा.)

तिने ढीग लावले: तापमान, अंडी, जागा. मी म्हटलं, ढिगाला नाव नको, पूर्ण वाक्य दे. ‘तापमान’ या शब्दाकडे पुरावा मागता येत नाही. ‘हॅचरीत हलवलेल्या अंड्यांना जास्त ऊब मिळते’ या वाक्याकडे मागता येतो. आणि ही ऊब फार महत्त्वाची, कारण कासवाचं पिल्लू नर की मादी हे वाळूची उष्णता ठरवते. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त निपजतात.

वाक्याखाली चिठ्ठ्या मांडल्या आणि भाची थबकली. “मावशी, हे सगळं तापमान वरच्या वाळूचं आहे गं.” अंडी असतात हातभर खोल. तिथे दुपारचं ऊन तेवढं पोचत नाही, दिवसरात्रीचा फरकही कमी होतो. तिच्या मुख्य विधानाखाली एकही चिठ्ठी उरली नाही. लिहून झाल्यावर हे कळलं असतं तर केवढं रडू आलं असतं!

डार्विननेही नोंदी विषयवार कप्प्यांत ठेवल्या होत्या. त्याच्या सिद्धांताचा १८४२ चा आराखडा पेन्सिलीने लिहिलेला, ३५ पानांचा. १८४४ मध्ये तो २३० पानांचा झाला, पुस्तक आलं १८५९ मध्ये.

भाचीने विधान आवरतं घेतलं: ‘दुपारी हॅचरीतली वरची वाळू जास्त तापते.’ एवढं तिच्याकडे पक्कं होतं. पद्धत आणि निरीक्षणं आधी लिहिली, प्रस्तावना शेवटी. यंदा ती परवानगी घेऊन तापमापक हातभर खोल पुरणार आहे, एक सुरूखाली, एक हॅचरीत.