पोराचे हप्ते थकले म्हणून बापाचं वावर जाते का?

पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला, नोकरी गेली, तीन हप्ते थकले की बँक फ्लॅट लगेच घेते अन गावाकडचं बापाचं वावरही, असा मेसेज फिरतच असतो. तसं होत नाही. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा होते, मग 2002 च्या सरफेसी कायद्यानं (बँकेला कोर्टात दावा न लावता गहाण मालमत्ता घेऊ देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, ताबा त्यानंतर. लेखी आक्षेप दिला तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागते, म्हणून पाकीट आलं की फोडाच. बापानं स्वतः घेतलेलं वावर असेल, अन कर्जात त्याची सही, जामीन, गहाण काहीच नसेल तर त्याचा संबंधच नाही. गहाण असलं तरी या कायद्यानं शेतजमीन घेता येत नाही, वेगळा दावा लावावा लागते. कर्जाच्या कागदावर सह्या कोणाच्या ते पाहा, अन सातबारा काढून इतर हक्कात बोजा दिसते का तेही.